डावखुरीचा दगड

(फुलसावंगीजवळच्या टेकडीतली गुहा. रुपाली इथं उत्खनन करते. मातीत पुरलेला एक सांगाडा सापडला आहे. कौसल्या तिच्या हाताखाली माती काढायला आहे.)

रुपाली : मावशी, तो दगड डब्यात नका ठेवू. टाकाऊ दगडांचं पोतं बाहेर आहे.

कौसल्या : टाकाऊ? कोन म्हनते?

रुपाली : आमचे सर. मीसुद्धा. तीन दिवस हातात धरून पाहिला. धार चांगली आहे, पण पकडच बसत नाही. घडवताना बिघडला असेल, दिला फेकून.

कौसल्या : फेकला कसा? या हाडायच्या बाजूलेच होता ना. म्याच तं माती काढली.

रुपाली : गुहेत दगड काय, कुठंही असतात. उद्या महागावहून सामान न्यायला गाडी येणार, काम बंद. चला, आवरू.

कौसल्या : थांबा ना जराशा. हे पाहा. आंगठा या खड्ड्यात, बोटं मांगून. अन् असं खरवडाचं. कातडं म्हना, लाकूड म्हना. कसा बसला!

रुपाली : परत एकदा धरून दाखवा. ... मावशी, हा तुमचा डावा हात.

कौसल्या : मंग! विळा डाव्या हातात, कापूस वेचनं डाव्या हातानं. सासूनं सात वर्सं मले पंगतीत वाढू नाही देल्लं. डाव्या हातचं कोन खाईन म्हने.

रुपाली : बॅटरी धरा. इकडं, दंडाच्या हाडावर. हे उजवं... आणि हे डावं...

कौसल्या : डावं जाड हाय.

रुपाली : जाड आहे! ज्या हातानं जन्मभर काम, त्याचं हाड जाड होतं. मापं माझ्याच वहीत आहेत हो, आणि माझ्याच डोक्यात नाही आलं!

कौसल्या : म्हनजे हा बुवा डावखुरा?

रुपाली : बुवा नाही. कमरेच्या हाडावरून बाईच वाटते. हजारो वर्षांपूर्वीची. आणि पुरताना तिच्या माणसांनी तिचं हत्यार तिच्याजवळ ठेवलं.

कौसल्या : डाव्या हाताचं? संग देल्लं तिले?

रुपाली : हो, संग दिलं.

कौसल्या : अवो माय!

रुपाली : मावशी, रडताय?

कौसल्या : नाही वो, हासून राह्यली. पोट दुखून राह्यलं हासून हासून.

रुपाली : सरांना फोन लावते. आता कशाला बंद होतंय काम! वहीत लिहिते, ‘हत्यार ओळखलं : कौसल्या...’ आडनाव?

कौसल्या : खंदारे. कौसल्या उकंडा खंदारे. मोठ्या अक्षरात लिवा.

रुपाली : लिहिलं. इथं रेंज नाही, वर चला. तुम्हीच सांगा सरांना.

कौसल्या : तुमी जा. मी बसतो इथं जराशी, हिच्यापाशी.