बरणीतलं तेल

आमच्या पनवेलच्या लॅबमध्ये काय चालतं, हे आईला समजावताना मीच कसा फसलो, ते ऐका.

म्हटलं, "तेलविहीर खणताना जो चिखल वापरतात, त्यातलं तेल विहिरीतल्या तेलाच्या नमुन्यात मिसळतं. बाटलीतून ते वेगळं काढता येत नाही. मग किती मिसळलंय ते आकडेमोडीने वजा करायचं आणि मूळचं तेल कसं होतं ते सांगायचं."

आई उठली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. बाबांनी जाण्याआधी घातलेलं शेवटचं लोणचं.

"बुरशी येऊ नये म्हणून मी वरून दोनदा तेल ओतलंय रे. आता सांग, ह्यांचं किती उरलंय?"

मी कोरड्या चमच्याने चाखलं.

"आई, सगळं बाबांचंच आहे."

आईने डोळे पुसले, झाकण घट्ट लावलं.

"कठीण आहे रे तुमच्या लॅबचं!"