झाडांच्या आडोशाला

नाही, हात काढ आधी झाडावरून — नंबराचा पत्रा ठोकायचा तर माझ्याशी बोलून ठोक. महापालिकेकडून झाडं मोजायला आलास, मोज. पण या तुतीला 'आपोआप उगवलेली' म्हणू नकोस. आपोआप? माझ्या दारात आपोआप आलंय ते फक्त म्हातारपण! माझ्या थोरल्यानं आणली ही, रोपवाटिकेत कामाला होता तेव्हा — वाकडी निघालेली रोपं मालक फेकून द्यायचा, हा सायकलला बांधून घरी. सबंध आळीनं लावली. का, विचार ना! हौस म्हणून नाही रे बाबा. नाल्याकाठची घरं पाडायला गाडी एकदा येऊन गेली होती, आणि कुणीतरी सांगितलं, झाड तोडायला परवानगी लागते, घर पाडायला शिट्टी पुरते. मग काय — दारोदार लावली, भिंतीला चिकटून. म्हटलं, पाडायला आले तर आधी झाड आडवं येईल. धुण्याचं पाणी पाजलं, पोरांना फांदीला हात लावू दिला नाही. आणि आता तू मला सांगतोस, घरांमुळे झाडांची मुळं गुदमरतात! झाड राहणार, घर जाणार — वा रे न्याय!

नाल्यावर तुम्ही लावलेला तो फलक वाचलाय मी. हसतोस काय? शाळेत नाही गेले, दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. 'नागरिकांसाठी हरित पट्टा.' नागरिक म्हणजे ते पलीकडच्या टॉवरमधले ना — ज्यांच्या खिडक्यांना आमचे पत्रे खुपतात? आणि आम्हाला शहराबाहेर चौथ्या मजल्यावर खोली, खाली बघावं तर नुसती खडी. तिथंही लावा म्हणतोस झाडं? माझ्या सुरकुतल्या तोंडाकडे बघ, आणि मग तिथल्या सावलीचं बोल.

थोरल्याला बोलावू? बोलावते की — हा काय, पडद्यामागे बसलाय, ऐकतोय सगळं. आमची घरं पाडून इथं होणाऱ्या तुमच्याच बागेत माळी म्हणून लागलाय ना तो! मला बोलला नाही. दोरीवर हिरवा गणवेश दिसला, तेव्हा कळलं. त्याला तरी काय बोलू? घरात खाणारी तोंडं आहेत... अरे, बाहेर ये की! सांग यांना, कुणी लावलं ते! ... नाही येत. नाही यायचा तो.

बरं. ठोक तुझा पत्रा. मला एवढंच सांग — तुतीला पाणी घालायला यायचं तर त्या बागेचं फाटक सकाळी किती वाजता उघडणार?