नानांनी पत्ता बदलला

...आणि वर नाना मलाच विचारतात, "जगदीश, तोंड का उतरलंय?" उतरेल नाहीतर काय फुलेल? तुम्हाला सांगतो, केळीवाल्यांची पाण्याची मोटार मोबाइलवरून चालू-बंद करायचं ॲप आहे आमचं. जळगावात आम्ही चौघं, धुळ्यात तिघं. मालक चुडामणनाना आणि त्यांचे चुलतभाऊ प्रेमराजभाऊ. आमचा सगळा कोड इंटरनेटवर एका जागी, आणि त्या जागेच्या पत्त्यात दोघांची नावं. चुडामण-प्रेमराज! चार वर्षं सुखानं नांदली. मग धुळ्याच्या कृषी प्रदर्शनात प्रेमराजभाऊंचा फोटो नानांपेक्षा वीतभर मोठा लागला... संपलं!

शुक्रवारी नाना तणतणत आले. "त्यानं नाव काढ!" अहो, तो पत्ता आम्हा सात जणांशिवाय काळं कुत्रंही बघत नाही! म्हटलं, नाना, सोमवारी बदलू, ॲपमधल्या मोठ्या चुकीची दुरुस्ती आजच पाठवायचीय, मोटारी बंदच होत नाहीयेत. तर म्हणतात, "पत्ताच ते बदलाना शे! घर थोडंच उचली लई जावानं शे?"

बदलला. आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर जुन्याच दारावर डोकं आपटायला लागले! धुळ्याच्या तिघांतली हेमलता फोनवर, "सर, सापडत नाही म्हणतंय!" नवं ॲप बांधून पाठवणारी यंत्रणा ठप्प. तिच्या पोटात पन्नास ठिकाणी जुना पत्ता, तो एकेक शोधून बदलायचा. कुणी? मी! तेवढ्यात रावेरच्या केळीवाल्या उखर्डूभाऊंचा फोन, "भाऊ, मोटार बंदच व्हत नही! आते केळीमा म्हशी सोडू का?" काय सांगू त्यांना? की नानांचा फोटो लहान लागला म्हणून तुमची केळी बुडाली? इतकी लाज वाटली, इतका संताप आला... आणि नाना चहा ढवळत, "पत्ताच ते बदलाना शे!"

रविवारी दुपारी एकदाची दुरुस्ती गेली. उखर्डूभाऊंची मोटार थांबली, पण खालची दोन एकर केळी चिखलात उभी. मी घरी जाऊन आडवा झालो. आणि त्याच संध्याकाळी, तुम्हाला सांगतो, नानांच्या घरी श्रावणातली कानबाई देवी बसली! आता कानबाईच्या रोटाला, म्हणजे प्रसादाला, सगळे भाऊबंद एका पंगतीत, तिथे रुसवा चालत नाही. बसले दोघं मांडीला मांडी लावून, खाल्ला रोट, रडले गळ्यात पडून!

सोमवारी सकाळी फोन. "जगदीश, प्रेमराजनं नाव परत टाक."

मी दात आवळून म्हटलं, म्हणजे जुनाच पत्ता ना?

"नही रे, तो मोठा शे. आते त्यानं नाव पहिले!"

म्हणजे तिसरा पत्ता! पुन्हा ती पन्नास ठिकाणं! ओरडणारच होतो हो! शेवटी एवढंच म्हटलं, नाना, निदान रोटाचा एक तुकडा तरी पाठवा.

नाना दचकलेच. "आरे बापरे, तो फक्त भाऊबंदसलेच चालस!"

बरोबर आहे. रोट घरच्यांनीच खायचा. भांडण तेवढं बाहेरच्याला चालतं... चला, बसतो. पत्ताच तर बदलायचाय.