आडवी बाटली

कागलजवळच्या गावात दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर बायकांचं मतदान होतं. शाळेपुढच्या रांगेत संयोगिताच्या पुढं शालनकाकू होत्या. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून नवरा हात धरून उभा होता. तो बावीस वर्षं त्याच दुकानात कामाला.

"आडव्या बाटलीवर शिक्का मार, शालन."

"अवो, मग दुकान बंद हुईल की. साठीत कोण काम देणार तुम्हास्नी? मी उभीवर मारणार."

"तुझ्या भावाला रोज बाटली कोण देत हुतं?"

"तुम्ही न्हाय तर दुसऱ्यानं दिली असती."

"पर दिली मीच. त्यो गेल्यापास्नं तू मला एका शब्दानं बोलली न्हाईस."

"काय बोलायचं? दवाखान्यात उचलून त्याला तुम्हीच नेलासा की."

"पुरुषांनी हितंच थांबायचं," दारातला पोलीस म्हणाला.

मत देऊन संयोगिता बाहेर आली, तेव्हा दोघं फाटकापाशी होती.

"कुठं मारलास शिक्का?"

"गुप्त असतंय ते."

"शालन, सांग की."

"तुमचा दुकानात न्यायचा डबा बंद आता. दुपारची भाकरी घरात बसून गरम खायाला शिका."