गिअरबॉक्समधली सोलकढी

(सातिवलीतल्या गाळ्यातलं एक गॅरेज. मेकॅनिक रचना, होळी गावचा बागायतदार जयवंत, वय साठीचं, त्याची बायको वसुंधरा. मधे जुनी ऑटोमॅटिक पिकअप, इंजिन चालू.)

रचना: बंद नका करू काका, राहू दे चालू. गिअरबॉक्सचं तेल गरम असतानाच बघायचं असतं. हं, आता सांगा, नेमकं काय होतं?

जयवंत: सकाळी बरी निघते गं. पन पुलावर चढली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी सरकतच नाही. पलीकडचा गॅरेजवाला म्हनाला, बॉक्स गेला, भंगारात काढा.

रचना: त्याने बोनेट उघडलं?

जयवंत: नाय. ऑटोमॅटिक म्हटल्याबरोबर हात झटकले.

रचना: मग साधी गिअरवाली का नाही घेत?

जयवंत: क्लच कोन दाबनार? ताडावरनं पडलो तेव्हापासून हा डावा पाय नावालाच आहे. नऊ वर्षं ह्याच गाडीनं माझी भाजी मी स्वतः बाजारात नेतो. कोनाच्या टेम्पोची वाट बघत नाय.

रचना: थांबा, तेल बघायची डिपस्टिक काढते. अरे! हे बघा काका.

जयवंत: ही तर सोलकढी!

रचना: तेच ना! चांगलं तेल लालभडक असतं. जळलं तर काळं होतं, करपट वास येतो. हे असं दुधाळ गुलाबी झालं म्हणजे आत पाणी गेलंय.

जयवंत: पानी? कुठनं?

रचना: दोनच वाटा. एक रेडिएटर. तेल थंड करणारी नळी त्याच्या आतून जाते, ती फुटली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. पण तुमच्या रेडिएटरचं पाणी मी मघाशीच बघितलं. स्वच्छ आहे, तेलाचा तवंगसुद्धा नाही.

जयवंत: आनि दुसरी?

रचना: गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. गरम बॉक्स पाण्यात बुडला की एकदम थंड होतो आणि तिच्यातून पाणी आत ओढतो. खाली जाऊन बघते... काका, नळीच्या तोंडाशी चिखल आहे. गाडी पाण्यात घातली होती का?

जयवंत: छे! पानी साचलं की मी गाडी अंगनातनं हलवतच नाय. विचार हिला.

रचना: काकू?

जयवंत: बोल की.

वसुंधरा: मी घातली.

जयवंत: काय घातलीस?

वसुंधरा: गाडी, पान्यात. गेल्या महिन्यात तुम्ही आगाशीला बहिनीकडं होता, भाच्याच्या गाडीतनं गेला होता, त्या दिवशी. शेजारच्या ॲंजेलाला कळा सुटल्या. रस्त्यावर पानी, रिक्षावाला यायला तयार नाय, ॲम्ब्युलन्सवाला म्हनाला तासभर लागंल.

जयवंत: तुला गाडी कुठं येते?

वसुंधरा: नऊ वर्षं बाजूला बसलेय. तुमच्या उजव्या पायाकडं बघत. दोनच तर पेडल आहेत.

रचना: पाणी किती होतं, काकू?

वसुंधरा: बंपरच्या वर. गाडी बंद नाय पडली पन. दवाखान्यापर्यंत एका दमात नेली.

जयवंत: म्हंजे ते पोर... बारशाला मी मांडीवर घेतलं, आनि कोन काय बोललं नाय मला?

वसुंधरा: मीच सांगितलेलं सगळ्यांना, बोलू नका.

जयवंत: का? मी ओरडलो असतो म्हनून?

वसुंधरा: ओरडला असता तर चाललं असतं. पडल्यापासून झाडावर दुसरे चढतात, बागेला पानी दुसरे सोडतात. तुमच्या हातात ही गाडीच राहिलेली. ती पन मला जमते म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं असतं?

रचना: काका... मी तेल काढायला घेऊ?

जयवंत: घे. वाचंल का गं?

रचना: आत्ताच नाही सांगता येत. ऑटोमॅटिकच्याही आत आपोआप दाबले जाणारे क्लच असतात, पाण्याने त्यांच्या पट्ट्यांचा डिंक सुटतो. सुटला असेल तर तो पलीकडचा गॅरेजवाला बरोबर. नसेल तर फिल्टर बदलून, तीन-चार वेळा नव्या तेलाने आतून धुऊन काढलं की बरी होईल. दुपारपर्यंत थांबावं लागेल.

जयवंत: थांबतो.

वसुंधरा: डबा आनलाय मी. रचना, तू पन खा आमच्यासोबत.

रचना: खाईन ना. आधी हे पहिलं तेल उतरू दे.

जयवंत: ॲंजेला ओरडत होती का गं, वाटेत?

वसुंधरा: ती कसली! मीच ओरडत होते. ती मला सांगत होती, मावशी, हळू.

रचना: काकू, हसवू नका, हातातलं भांडं सांडेल.

(दुपार. डबा खाऊन झाला आहे.)

जयवंत: तिसरं तेल झालं ना? बघ की आता.

रचना: चौथं हे. या, स्वतःच बघा. लाल आहे! आणि तेलाच्या ट्रेमध्ये पट्ट्यांचा चुरा नाही. मला वाटतं, वाचली. पण चालवून बघितल्याशिवाय नक्की नाही. मागच्या गल्लीत गाड्या नसतात, तिथे एक चक्कर मारा, मग आपण पुलावर जाऊ.

जयवंत: वसुंधरा, ही घे चावी.

वसुंधरा: मी? लायसन कुठंय मला?

जयवंत: ते काढू. गल्लीपुरतं घे. पुलावर मी नेईन. मला बघायचंय तू कशी चालवतेस.

वसुंधरा: पाय पोचत नाय नीट माझा. त्या दिवशी पाठीला दोन उश्या लावल्या होत्या.

जयवंत: उश्या कशाला? सीट पुढं सरकते की.

वसुंधरा: माहीत आहे. तुमची जागा हलवायची नव्हती.

जयवंत: घे पुढं. मी बसेन तेव्हा माझी मी मागं घेईन.