संशयाचा फायदा

नणंद : तू सांगितल्यापासून अँटिबायोटिक लिहिलं की खाली व्हिटॅमिन सी आणि ई लिहूनच टाकते मी. आया खूश, मी खूश.

भावजय : तेच सांगायला आले, ताई. मी म्हणाले म्हणून लिहू नका.

नणंद : का गं? प्रयोगशाळेतले उंदीर उलटले तुझ्यावर?

भावजय : उंदीर बिचारे प्रामाणिक आहेत. मी नाही.

नणंद : सरळ बोल.

भावजय : अँटिबायोटिकनं गुणसूत्रं तुटतात का, ते बघायला औषध दिलेल्या उंदरांच्या पेशींत तुटलेली गुणसूत्रं मोजते ना मी? कधीकधी खरंच तुटलंय की रंग नीट चढला नाही, ते कळत नाही. नुसतं औषध दिलेल्यांत तसं दिसलं, की मी तुटलं म्हणायचे. सोबत व्हिटॅमिन दिलेल्यांत दिसलं, की रंगाचा दोष.

नणंद : पण कुठली काच कुठल्या उंदराची, त्या खुणा मोजताना झाकता ना तुम्ही?

भावजय : रंगवते मीच. आपल्या हातचा टाका बाई ओळखत नाही होय?

नणंद : आणि कशासाठी? प्रयोगशाळेतल्या साहेबांना खूश करायला?

भावजय : साहेबांचं काय घेऊन बसलात. आपल्या पोरासाठी. कान फुटला की हेच औषध. साध्या सर्दीलासुद्धा मीच तुमच्या मागे लागायचे, द्या म्हणून. वाटलं, व्हिटॅमिननं सगळं भरून निघतं असं निघालं, तर...

नणंद : कानाला लागतच होतं ते. सर्दीला नव्हतं.

भावजय : माहितीये.

नणंद : मागितलंस तू, लिहिलं मी. नाही म्हटलं तर तू रुसशील, भाऊ म्हणेल आत्या असून हात आखडते. तुझे उंदीर आले आणि मला हायसं वाटलं. तेव्हापासून तर कुणाच्याही पोराला सढळ हातानं लिहिते.

भावजय : म्हणूनच धावत आले.

नणंद : साहेबांना सांगितलंस?

भावजय : सकाळीच. दुसऱ्या कुणाकडून काचा पुन्हा मोजून घेणार आहेत. मला पिंजरे धुवायला लावलंय.

नणंद : बरं केलंस.

भावजय : आणि वाईट निघालं तर?

नणंद : ते उंदरांचं निघेल. आपल्या पोराचं त्यातून काहीच कळायचं नाही. बरंही नाही, वाईटही नाही.

भावजय : तेच तर सोसत नाही, ताई.

नणंद : हं. बाहेर एक बाई लेकराला घेऊन बसल्यात, त्यांना आत बोलाव. आणि तू जाऊ नकोस.

भावजय : मी कशाला?

नणंद : सर्दीच असेल, तर औषध नको म्हणून सांगायचंय मला. तू समोर असलीस तर जमेल.