रात्री नऊची गोळी

—एक ओळ, काका, फक्त एक ओळ छापायला काय जात होतं? एवढा मोठा आकडा छापता, मग त्याच्याखाली ‘हा विषाणू काही करत नाही, घाबरू नका’ एवढं लिहायला हात दुखतात? नाही, तुम्हाला नाही, या रिपोर्टवाल्यांना म्हणतोय मी. तुम्ही बसा हो, रिपोर्टची खिडकी इतक्यात नाही उघडत, डॉक्टरसाहेब राउंडवर आहेत. तुमच्या मुलीचं पुढच्या महिन्यात ना, किडनीचं? मग ऐकाच, तुम्हाला तरी कुणी सांगायला हवं.

आपल्या जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात एक विषाणू असतो – तुमच्या, माझ्या, त्या वॉचमनच्या. लहानपणी कधीतरी येतो नि राहतो. ना ताप, ना खोकला. शरीराचे पहारेकरी त्याला संपवत नाहीत, नुसतं फार वाढू देत नाहीत. मला हे वाचून किती बरं वाटलं होतं – आम्ही जैन, पाणी गाळून पिणारे, आणि इथं आपलं रक्तसुद्धा आपल्या नकळत कुणाला तरी जगू देतंय. पण वाचलं केव्हा? सगळं करून झाल्यावर.

केलं काय? सांगतो. बाची किडनी मला बसवली, त्याला अकरा महिने झाले. बा म्हणजे माझी आई – ती काय, नळापाशी, पांढऱ्या साडीतली, बाटली भरतेय. दुसऱ्याची किडनी म्हटली की पहारेकरी तिच्यावर धावून जाणार, म्हणून त्यांना झोपवायच्या गोळ्या. सकाळी नऊ, रात्री नऊ, जन्मभर. आणि इथं एक अभ्यास चाललाय, त्यात दर महिन्याला तो विषाणू मोजतात – पहारेकरी किती गाढ झोपलेत ते कळावं म्हणून. सही घेताना हे सांगितलं असेलही, मी सही केली, ऐकलं नाही. मग कागद आला – तीन कोटी. नुसते तीन कोटी. कॉलेजात अवयवदानावर पथनाट्यं केलीत मी, लोकांना अज्ञानी म्हणून झापलंय, आणि त्या आकड्याला मीच घाबरलो. वाटलं, या गोळ्याच आतून पोखरतायत. रात्रीची सोडून दिली.

घरी काय सांगितलं? चौविहार धरला म्हणून – सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. बाला म्हणालो, साहेबांनी रात्रीची गोळी बंदच केलीय, आता नेम पाळता येईल. तिचे डोळे भरून आले, म्हणाली, माझ्या किडनीनं तुला धर्माला लावलं. नाही नाही, धर्माला दोष देऊ नका – आमच्या महाराजसाहेबांनी, म्हणजे साधूंनी, स्वतः सांगितलं होतं, औषधाला सूट आहे, गोळी घेत जा. मी मान हलवली. मला लपायला जागा हवी होती काका, बाकी काही नाही.

पुढचा कागद आला – नऊ हजार. बानं गूळ-तुपाची सुखडी करून अख्ख्या सोसायटीत वाटली, ‘माझ्या मौलिकचा विषाणू गेला’ म्हणून. आणि मी, सुखडी तोंडात तशीच, मोबाइलवर वाचतोय – आकडा असा पडला म्हणजे पहारेकरी जागे झाले. जागे झाले म्हणजे कुणावर धावणार? हां. तिच्याच किडनीवर.

परत सुरू केली ना, केली – चार दिवस झाले. बाथरूमात नळ सोडून घेतो, बाला ऐकू जाऊ नये. चार दिवस पुरतात का हो? हे पाय बघा, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. म्हणून या उन्हात मोजे. सकाळी रक्त दिलंय, त्याचाच कागद यायचाय. बाच्याकडे आता एकच किडनी उरलीय काका, ती पुन्हा नाही देऊ शकत. आणि रोज उठल्यावर मला विचारते, माझी किडनी नीट वागतेय ना तुझ्याशी? रोज. मी म्हणतो, एकदम झकास.

थांबा – खिडकीत रिपोर्ट देणाऱ्या दक्षाबेन आल्या. बा पण येतेय. तुम्ही त्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसा, काका. आपण बोललो नाही, काहीच बोललो नाही.

“मौलिकभाई, साहेब विचारतायत, रात्रीची गोळी किती वाजता घेता?”

“रात्रीची? ती तर साहेबांनीच बंद केली ना, दक्षाबेन. सूर्यास्तानंतर माझा मुलगा पाणीसुद्धा घेत नाही.”

“बा, तुम्ही जरा बसून घ्या.”